पाते हंगामी, सुरी कायम

ज्या वस्तूशी आपल्या नित्य व्यवहाराचा सुतराम संबंध नाही, तिच्याविषयी निर्णायक मत बाळगणे हा सर्वच मनुष्यजातीचा स्वभाव असला, तरी ते मत हातातला चहा निवेपर्यंत, आवाज चढवून आणि प्रतिपक्षाच्या सात पिढ्यांचे अज्ञान सिद्ध करून मांडण्याचा मान खास मराठी माणसाचा आहे, अशी माझी जुनी समजूत आहे. आणि या समजुतीला आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात जो पुरावा मिळाला तो इतका निखालस होता, की एखाद्या मामलेदारानेही तो उलटतपासणीवाचून दप्तरी दाखल करून घेतला असता. रानात मारलेल्या शिकारीचे तेथल्या तेथे पोट उघडून, आतडी काढून, कातडे सोडवून मांसाचे वाटे घालावयाचे झाल्यास अखंड पात्याची जुनी सुरी सरस, की बोथट पाते फेकून देऊन मुठीत नवे बसविता येते अशी आधुनिक सुरी सरस, या प्रश्नावर तेथे दोन तट पडले होते. मौज अशी, की त्या दोन्ही तटांतील एकाही इसमाने उभ्या जन्मात शिकार केलेली नव्हती, करण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि केली असती तर सुरीची निवड करण्यापूर्वी त्याला वकिलाची निवड करावी लागली असती.

वास्तविक १९७२ सालचा वन्य जीव संरक्षण कायदा आरंभी इतका निष्ठुर नव्हता. विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि सापळे लावणे अशा चार प्रकारच्या परवान्यांची तजवीज त्यात होती. म्हणजे योग्य त्या कचेरीत योग्य तो अर्ज रुजू करून आणि कारकुनाची योग्य ती मनधरणी करून माणसाला सरकारच्या संमतीने सशामागे धावता येत असे. १९९१ सालच्या दुरुस्तीने ती कलमे उडाली आणि शिकारी हा प्राणी, वाघाच्याही आधी, कागदोपत्री नामशेष झाला. परंतु कायद्याने बंदूक खाली ठेवावयास लावली, तरी जिभेला परवाना लागत नसल्यामुळे शिकारीची चर्चा पूर्ववत चालू राहिली. किंबहुना प्रत्यक्ष शिकारीत जो वेळ फुकट जात असे, तोही आता चर्चेलाच मिळू लागल्यामुळे तिला एक प्रकारचा शास्त्रीय सखोलपणा आला.

आटपाडी हा पूर्वी औंध संस्थानचा मुलूख. माणगंगेच्या काठचा, पावसाने वर्षानुवर्षे वाळीत टाकलेला हा माणदेश खुरट्या गवताचा, बाभळीचा आणि तरवडाचा असल्यामुळे येथे हत्ती-गव्यांसारखे राजेशाही जनावर कधी फिरकले नाही. येथील शिकार म्हणजे ससा, तितर आणि लाव्हा, म्हणजे ज्यांचे पोट फाडण्यास सुरीपेक्षा नख पुरावे अशी मंडळी. याच तालुक्यातल्या माडगूळ गावी १९२७ साली जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता. पण पुढे त्यांनीच बंदूक बाजूला ठेवून रानातल्या जिवांकडे वही-पेन्सिल घेऊन पाहावयास आरंभ केला, आणि मराठी साहित्याचा त्यात जो लाभ झाला त्याच्या बदल्यात काही ससे वाचले, हा व्यवहार दोन्ही पक्षांना फायद्याचाच झाला. उरलीसुरली शंका २०२३ साली मिटली. त्या वर्षी सरकारने आटपाडी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. क्षेत्रफळ ९.४८ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या ऐसपैस गावाच्या शिवाराएवढे. पण त्यात लांडगा, कोल्हा, खोकड, तरस, ससा अशी सर्व जुनी रयत सरकारी संरक्षणाखाली नांदू लागली. तेथे शिकारीची मुभा आता एकट्या लांडग्याला आहे. त्याची हत्यारे अखंड जातीची असून दुधाचे दात पडताना जो एकदा बदल झाला तेवढाच. आणि तो धनगराच्या कळपातले कोकरू रानातच फाडून जातो तेव्हा नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा आणि साक्षीदारांच्या सह्या ही मागाहूनची सर्व दगदग तो धनगरावर सोपवितो.

अशा या निःशिकार मुलुखात सुरीचा वाद कशाच्या जोरावर उभा राहिला, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर शेळ्या-मेंढ्या हे आहे. आटपाडीचा शनिवारचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना परिचित आहे, आणि उत्तरेश्वराच्या कार्तिकी यात्रेत तर मेंढ्यांना जो भाव आणि जो मान मिळतो, तो पाहून आपण दोन पायांवर चालण्यात काही घाई तर केली नाही ना, असा विचार सुशिक्षित माणसाच्या मनात येतो. शेजारच्या जत तालुक्यातील माडग्याळ गावाचे नाव मिरविणारा, पोपटासारख्या बाकदार नाकाचा माडग्याळी मेंढा हे येथले वैभव. २०२० साली आटपाडी तालुक्यातल्या अशाच एका मेंढ्याला सत्तर लाख रुपयांची मागणी आली, तेव्हा मालकाने ती नाकारून दीड कोटी सांगितले. ही वार्ता देशभरच्या वृत्तपत्रांनी छापली आणि माणदेशातल्या अनेक पदवीधर वरांचे पिते काही दिवस खिन्न होऊन बसले. त्या मेंढ्याच्या अंगाला कोणत्याही जातीची सुरी लागण्याचा संभव नाही, हे उघड आहे. परंतु त्याचे जे सामान्य भाऊबंद आहेत, त्यांची शरीररचना हरणाहून फारशी निराळी नसून तोच चार कप्प्यांचा कोठा, तीच बरगडी असल्यामुळे, हरिणावर जो सिद्धान्त लागू पडावयाचा तो बोकडावर ताडून पाहण्यास तर्कशास्त्राची हरकत नाही आणि कायद्याचीही नाही.

जुन्या ग्रंथकारांकडे या कामी साहाय्य मागावे, तर तेथे निराशाच पदरी येते. कालिदासाने शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात विदूषकाकडून मृगयेची यथेच्छ निंदा करविली आणि सेनापतीकडून तितकीच यथेच्छ स्तुती करविली. तीत मृगयेमुळे मेद झडतो, शरीर हलके होते, नेमबाजी सुधारते इत्यादी लाभ सांगितले आहेत. परंतु राजाने पाडलेल्या हरणाचे कातडे कोणी काढले आणि कशाने काढले, याविषयी कविकुलगुरूंनी संपूर्ण मौन स्वीकारले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात मृगयेचे प्रकार आहेत, रानडुकराचे केस उकळत्या पाण्याने कसे सुटतात हे आहे, मांस भाजण्याच्या कृतीही आहेत. म्हणजे राजा स्वयंपाकघरापर्यंत आला, पण सुरी कोणत्या जातीची याचा निवाडा त्यानेही दिला नाही. बाण मारणे हे क्षत्रियाचे कर्म, खाणे हे सर्वांचे कर्म, आणि या दोहोंच्या मध्ये जी अर्धी घटका रक्ताने माखलेली असते ती नेहमीच कोणा नाव नसलेल्या माणसाच्या वाट्याला गेली. वाद नेहमी उरलेल्यांनी केला.

प्रस्तुत वादाला निमित्त झाला माझा भाचा. हा अमेरिकेत टेक्सास प्रांतात संगणकाची चाकरी करतो. त्या देशात परवाना काढून ठरावीक मोसमात ठरावीक हरणे मारण्याची सोय आहे, आणि मारलेल्या हरणाचे पोट तेथे बहुधा ज्याने मारले त्यालाच रानात उघडावे लागते. कारण पोटातली ऊब मांसात राहिली तर मांस नासते, आणि खाटीक त्या देशातही असले तरी ते पहाटे चार वाजता झुडपात हजर होत नाहीत. भाच्याने स्वतः अद्याप हरीण मारलेले नाही. परंतु ज्यांनी मारले आहे अशांच्या संगतीत राहून त्याने हत्याराची जय्यत तयारी करून ठेवली आहे. आषाढात तो गावी आला तो एक नारिंगी मुठीची, बोटभर पात्याची, पिसासारखी हलकी सुरी घेऊन. आणि तिच्याबरोबर कागदी वेष्टनातल्या पात्यांची एक डबी होती. त्या डबीकडे तो ज्या वत्सल नजरेने पाहत असे, ती पाहून माझ्या बहिणीला त्याच्या लग्नाची नव्याने काळजी वाटू लागली.

प्रतिपक्षाचे पुढारीपण आमच्या वाड्याशेजारच्या तात्यांकडे होते. तात्या जातिवंत धनगर; वय सत्तरीच्या पलीकडे, खांद्यावर घोंगडी आणि कमरेला एक सुरी. ही सुरी त्यांच्या वडिलांनी मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराकडून ठोकून घेऊन करविली होती आणि मूठ बाभळीची होती. "ही सुरी माझ्या बाची," तात्या म्हणाले. "बाच्या हातात व्हती तवा चार बोटं रुंद व्हती. आता दोन बोटं राहिलीया. पर सुरी तीच हाय." भाच्याने लगेच मुद्दा पकडला. "म्हणजे तात्या, दोन बोटं पातं तुम्ही दगडावर घासून टाकलं. मी डबीतून टाकतो, तुम्ही निसण्यावर टाकता. बदलतं दोघांचंही." तात्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "मास्तर, ह्यो तिकडं वकिली शिकतोय का काय?"

भाच्याचा मुद्दा वाटला तितका टाकाऊ नव्हता, आणि त्याच्या हत्याराची वंशावळही पाहण्यासारखी आहे. किंग कँप जिलेट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने फेकून देण्याच्या पात्यांचा वस्तरा बाजारात आणला तो १९०३ साली; पहिल्या वर्षी त्याचे अवघे ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली, म्हणजे आटपाडीच्या बाजारात एखादा नवखा बोहारी याहून बरा धंदा करील. पुढे १९१५ च्या सुमारास मॉर्गन पार्कर याने तीच युक्ती शस्त्रवैद्यांच्या सुरीला लावली: मूठ एक, पाती अनेक, आणि प्रत्येक पात्याला क्रमांक. न्हाव्याकडून वैद्याकडे आणि वैद्याकडून शिकाऱ्याकडे, असा हा वारसा चालत आला. आपल्याकडे त्याचा प्रवेश केशकर्तनालयातून झाला. जो अखंड वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर चटचट परजून आपल्या पूर्वजांच्या हनुवटीवर फिरला, तो एड्सच्या भयाने ग्राहक सावध झाल्यावर मागे पडला, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासमोर अर्धे पाते मोडून वस्तऱ्यात बसविणे हा नव्या शुचिर्भूततेचा विधी ठरला. तात्यांची दाढीही त्याच विधीने होते, हे भाच्याने त्यांच्या निदर्शनास आणून दिले. तात्यांनीही डाव सोडला नाही. लाकडी नांगराला लोखंडी फाळ कोण बसवितो, झिजला की कोण बदलतो, आणि कुळवाची पास काय अमेरिकेतून येते काय, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे ज्या युक्तीचा भाच्याला एवढा अभिमान, ती लोहाराच्या भात्याशी बलुत्याच्या चार पायल्यांत पिढ्यानुपिढ्या मिळत आली आहे. येथे वादाची अशी विलक्षण अवस्था झाली, की नव्याचा कैवारी जुन्या सुरीला बदलती ठरवीत होता आणि जुन्याचा कैवारी बदलत्या पात्याला जुने ठरवीत होता. आणि दोघेही स्वतःच्या विजयाने संतुष्ट होते.

दोन्ही बाजूंचे गुणदोष निःपक्षपातीपणे मांडावयाचे, तर अखंड सुरी ही कायम नोकरीतल्या शिरस्तेदारासारखी आणि बदलते पाते हे हंगामी उमेदवारासारखे, असे म्हणता येईल. शिरस्तेदार सकाळी कामावर येतो तो बोथट. त्याला आधी निसण्यावर धरावे लागते, तोंडावर पाणी मारावे लागते, मर्जी सांभाळावी लागते. पण एकदा कामाला लागला, की सांधा असो, बरगडी असो, मध्येच अंगावर येणारे हाड असो, तो मोडत नाही, वाकतो तेवढाच. शिवाय त्याला निवृत्त करण्याचा अधिकार कोणालाच नसल्यामुळे तो बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे दप्तरासह रुजू होतो. हंगामी उमेदवाराची तऱ्हा वेगळी. पहिल्या दिवशी त्याच्या उत्साहाला तोड नाही; कातडे आणि मांस यांच्यामधला जो पापुद्रा शिरस्तेदाराला दिसतसुद्धा नाही, त्यातून तो कागदासारखा सरकत जातो. परंतु त्याच्याकडून नेमून दिलेल्या कामापलीकडचे कोणतेही काम घेऊ नये. त्याला हाडाशी भिडविले किंवा सांध्यात घालून पीळ दिला, की तो तत्क्षणी राजीनामा देतो. आणि तो राजीनामा अनेकदा मांसातच कोठेतरी ठेवून जातो. शिवाय त्याच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करण्याचा जो क्षण, तोच सर्वांत घाताचा; कारण बोटे रक्ताने आणि चरबीने बुळबुळीत झालेली असतात, जुने पाते मुठीतल्या खाचेत घट्ट बसलेले असते, आणि बोकडापेक्षा बोट कापले जाण्याची शक्यता त्या वेळी अधिक असते. म्हणून जाणते लोक पाते चिमट्यानेच काढतात.

आखाडाचे दिवस होते. श्रावण तोंडावर आला, की माणदेशातला मांसाहारी गृहस्थ पुढच्या महिन्याच्या उपासाची भरपाई आगाऊ करून ठेवतो, तदनुसार आमच्याकडेही बोकड आणला होता, आणि भाच्याने प्रत्यक्ष प्रयोगाची मागणी केली. आमच्या भागात बोकड कापण्याचा मान मुलाण्याचा. गावगाड्यात हे काम पूर्वापार त्याच्याकडे असून, देव हिंदूंचा, बोकड धनगराचा, हात मुसलमानाचा आणि रस्सा सर्वांचा, ही व्यवस्था कोणत्याही राष्ट्रीय एकात्मतेच्या परिषदेवाचून चालत आली आहे. आमचे चाचा आले, त्यांनी आपले काम रीतसर केले, जनावर लिंबाच्या फांदीला मागच्या पायांनी उलटे टांगले, आणि मग दोन्ही पक्षांना समोर उभे करून म्हणाले, "हं, कुणाची सुरी आधी?"

मान पाहुण्याचा म्हणून भाच्याची सुरी चाचांच्या हाती आली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याच्या नखावर धार अजमावली आणि भुवया उंचावल्या. मागच्या पायाच्या सांध्याभोवती एक फेर, मांडीच्या आतून एक रेघ, पोटाच्या मध्यावरून दुसरी रेघ. एवढे काम त्या पात्याने इतक्या सफाईने केले, की तात्यांनी खाकरून दुसरीकडे पाहिले. भाच्याचा चेहरा उजळला. इतक्यात चाचांनी ती सुरी शांतपणे भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून दिली. मग तात्यांनी आपली सुरी पुढे केली, तर तीही त्यांनी घेतली नाही. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, डाव्या हाताने कातड्याची कड ओढून धरली, आणि मूठ त्या कातड्याच्या आणि मांसाच्या मध्ये घालून ते असे रेटीत गेले, की बघता बघता पाठ, बरगड्या आणि मान मोकळी होऊन सबंध कातडे अंगरखा काढावा तसे खाली लोंबू लागले. त्यात सुरीचा संबंध कोठेही आला नाही.

"चाचा, सुरी?" भाचा कळवळून म्हणाला.

"सुरी कशाला, बेटा? मूठ हाय की," चाचा म्हणाले. "सुरीनं सोललं तर कातड्याला चिरा पडत्यात. चिरा पडल्या की येपारी निम्मं पैसं कापतो. त्याची सुरी आपल्यापरीस धारेची."

व्यवहारातले हे एक वाक्य आमच्या साऱ्या वादापेक्षा वजनदार होते. मेंढी-बकऱ्याचे कातडे मुठीने सोडविणे ही रीत केवळ माणदेशाची नसून, जेथे जेथे कातड्याला बाजार आहे तेथे तेथे कसबी खाटीक हेच करतो. कारण कातडे कमावताना ज्या ठिकाणी पाते आतून घासून गेले असेल तो ओरखडा पुढे भोक होऊन बाहेर येतो. सुरी लागते ती आरंभीच्या दोन-चार रेघांना आणि पोट उघडावयाला. या पोट उघडण्याच्या कामी तर अतिरिक्त तीक्ष्णता हा गुण नसून धोका आहे, हेही चाचांनी करून दाखविले. पात्याचे टोक बाहेरच्या बाजूला आणि पाठीमागे दोन बोटे आतल्या बाजूला, अशा बेताने त्यांनी पोट उघडले. कारण टोक आत वळले आणि कोठा फुटला तर सगळे मांस घाण होते, आणि काळजाला चिकटलेले पित्त फुटले तर एवढ्याशा हिरव्या थेंबाने घरच्या मंडळींची तोंडे श्रावण संपेपर्यंत कडू राहतात. वजडी निघाली, काळीज निघाले, आणि सर्व मिळून जेवढा वेळ गेला, तेवढ्यात भाच्याने डबीवरच्या इंग्रजी सूचना वाचून संपविल्या नसत्या.

पण प्रयोग अपुरा राहू नये म्हणून चाचांनी, भाच्याच्या आग्रहावरून, नारिंगी सुरी पुन्हा हाती घेऊन फरा अंगापासून सोडविला. तेथे हाडाचा सांधा नसून नुसत्या मांसाचाच जोड असतो, त्यामुळे ते काम निर्विघ्न पार पडले. मग भाच्याने स्वतः पुढे होऊन मागच्या मांडीच्या खुब्यात पाते घातले, जोर केला, हात थोडा वळविला, आणि सर्वांना ऐकू जाईल असा एक बारीकसा आवाज झाला. मुठीत अर्धे पाते होते. दुसऱ्या अर्ध्याचा शोध पुढे बराच वेळ चालला; प्रथम डोळ्यांनी, मग चिमट्याने, मग लोहचुंबकाने, आणि शेवटी माझ्या बहिणीने त्या मांडीचे मटण मांजरालाही घालावयाचे नाही असा निर्वाणीचा हुकूम सोडला तेव्हा तो संशयित खुब्याच्या खोबणीत मुद्देमालासह सापडला. तात्यांना बोलावयाची ही नामी संधी होती. परंतु खानदानी माणूस विजयाच्या क्षणी बोलत नाही; त्यांनी आपली दोन बोटांची सुरी चाचांच्या हाती दिली, सांध्यातून एक ओझरता हात फिरला आणि मांडी मोकळी झाली. "पोरा," एवढेच ते म्हणाले, "सांधा कापायचा नसतो. उघडायचा असतो."

या ठिकाणी तात्यांचा जयजयकार करून लेखणी ठेवणे सोपे होते. परंतु न्याय म्हणून सांगितले पाहिजे, की तात्यांची सुरी तात्यांनी नित्य निसण्यावर धरली होती म्हणून चालली. तशीच अखंड सुरी आमच्याही स्वयंपाकघरात आहे आणि तिने पिकलेला टोमॅटोसुद्धा कापला जात नाही, चेंगरतो. अखंड सुरी विकत घेणाऱ्याने खरोखर विकत घेतलेले असते ते आयुष्यभर निसण्यापुढे बसण्याचे कर्तव्य. आणि हे कर्तव्य शंभरात नव्वदजण पार पाडीत नाहीत. पूर्वी शिकलगार सायकलच्या चाकाने साण फिरवीत, ठिणग्या उडवीत गल्लीत येई आणि पोरांचा घोळका आणि घरोघरच्या विळ्या एकदमच त्याच्याभोवती जमत. आता तो क्वचित दिसतो. ज्याच्या घरी निसणा नाही आणि दारी शिकलगार येत नाही, त्याच्यासाठी अखंड पात्याची सुरी हा केवळ एक लोखंडी कुलाचार उरतो. अशा माणसाने निमूटपणे पात्यांची डबी घ्यावी, ह्यात कमीपणा काही नाही. धार उसनी असली तरी धारच असते, मात्र उसनवारीचे भान असले पाहिजे.

हत्यारांच्या बाबतीत आपला कायदासुद्धा हाच विवेक दाखवितो, असे मला पुढे आढळून आले. शस्त्रांविषयीच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते संशयास्पद मानले आहे. परंतु घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी घडविलेले हत्यार त्यातून वगळले आहे. त्यामुळे चाचांचा सत्तूर, जो पाहून एखाद्या पुंडाने वाट बदलावी, तो कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी गृहस्थ ठरतो. म्हणजे कायदा पात्याची लांबी मोजतो खरा, पण निकाल देताना हाताकडे पाहतो. आणि हा निकाल आटपाडीने फार पूर्वीच दिलेला आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थाच्या सल्ल्याने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतीवाचूनची कैद्यांची वसाहत वसविली. ज्यांना सरकारने गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा दिली होती, तेच कैदी तेथे बेड्यांवाचून शेती करीत. आणि शेती विळ्या-कुऱ्हाडीवाचून होत नाही, हे सर्वज्ञात आहे. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावर बेतलेला होता. खुनाच्या शिक्षेवर आलेल्या माणसाच्या हाती विळा देऊन त्याच्याकडून गहू कापून घेणाऱ्या मुलुखात, सुरीचे पाते बदलते असावे की अखंड, यावर हातघाईवर येणे हे इतिहासाला शोभणारे नाही.

तरीही वाद मिटलेला नाही. भाचा टेक्सासला परत गेला आहे आणि तेथून त्याने अधिक जाड पात्यांची नवी डबी घेतल्याचे कळविले आहे. तात्या शनिवारी बाजारात त्या मोडक्या पात्याची कथा सांगतात आणि दर आठवड्याला ते पाते बोकडाच्या अंगात थोडे अधिक खोल सापडते. चाचांना मी एकदा खाजगीत विचारले, की या दोहोंत तुमचा कौल कोणाला. ते सत्तूर ओंडक्यावर आपटीत म्हणाले, "मास्तर, सुरीवर बोलणारं गिऱ्हाईक मटण पाव किलो नेतं. गप उभं राहणारं दोन किलो नेतं. माझा कौल त्याला."

तेव्हा या सर्व खटल्याचा निवाडा माझ्या मते असा. ज्याला रोज जनावर सोलावयाचे आहे आणि ज्याच्या मनगटाला निसण्याची सवय आहे, त्याने अखंड सुरी बाळगावी आणि ती मुलाच्या स्वाधीन करताना निसणाही स्वाधीन करावा. ज्याचा तो व्यवसाय नाही, ज्याला वर्षाकाठी एखादा प्रसंग येतो आणि धार लावण्याचा कंटाळा आहे, त्याने बदलत्या पात्याची सुरी घ्यावी. मात्र तिच्याने कातडे आणि मांस यांपलीकडे काही कापू नये, सांध्यात पीळ देऊ नये, पाते चिमट्याने बदलावे, आणि काम संपल्यावर वापरलेली पाती आणि तुकडे मोजून डबीत बंद करावे. कारण पात्याचा हरवलेला तुकडा पंगतीत एखाद्या व्याह्याने दाताने शोधून काढावा, हे कोणत्याही घराण्याला भूषणावह नाही. ससा, तितर आणि हरीण यांच्याकरिता दोन्ही सुऱ्या सारख्याच निरुपयोगी आहेत, कारण ते सरकारच्या आश्रयाला गेले आहेत आणि तेथेच ते बरे आहेत. राहिलेल्या सर्व वाचकांनी, म्हणजे तुम्ही आणि मी, रविवारी सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभे राहावे, किती हवे तेवढे सांगावे, आणि सुरीविषयी अवाक्षर काढू नये.